हजार मण्यांची साखळी

माजलगावच्या अलीकडे एका बागायतदार पुढाऱ्याने मॉन्टेसरी शाळा काढली आणि मी तिथे बाई म्हणून लागले. पुढाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवण्याइतकी मी भोळी नव्हते. पण हे आमचे पुढारी साहेब एकदा तासभर वर्गात चटईवर मांडी घालून बसले होते. सहा ते नऊ वर्षांची मुलं एकत्र शिकतात, आपलं काम आपणच निवडतात, बाई एकदा करून दाखवते आणि बाजूला होते, नंबर काढायचे नसतात, हे सगळं त्यांनी मन लावून ऐकलं. मी एकच अट घातली. मुलाचं अर्धवट काम मांडलंय तिथेच राहील, त्याला कोणी हात लावायचा नाही.

"बाई, तुमी म्हणाल तसं," ते म्हणाले.

वर्गात धनगराची एक आठ वर्षांची मुलगी होती. घरी रोज मेंढरं मोजायची, त्यामुळे आकड्यांना अजिबात भ्यायची नाही. तिने हजार सोनेरी मण्यांची साखळी निवडली. ती अख्ख्या व्हरांड्यात पसरायची, एकेक मणी मोजत जायचं, दर दहाव्या मण्यापाशी आकड्याची चिठ्ठी ठेवायची. दोन-तीन दिवसांचं काम. चार दिवसांनी तिच्या घरचे मेंढरं घेऊन गाव सोडणार होते आणि तिला त्याआधी हजार गाठायचे होते. पहिल्या दिवशी सहाशे चाळीसवर थांबताना तिने विचारलं, "बाई, हितं कोणी हात लावणार न्हाई ना?"

"नाही गं. माझा शब्द."

दुसऱ्या दिवशी साहेब न कळवता पाहुणे घेऊन आले. आमच्याकडे पाहुणा म्हणजे सत्कार आलाच. शाल होती, नारळ होता, हार मात्र माजलगावहून निघालेच नव्हते.

"हार कुठंय बे?" साहेब आपल्या माणसावर खेकसले.

त्या शहाण्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ साखळी उचलली. चिठ्ठ्या व्हरांडाभर उडाल्या. साहेबांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. म्हणजे अट आठवत होती! तरी त्यांनी साखळीचे चार पदर केले आणि पाहुण्याच्या गळ्यात घातले. "खास आमच्या शाळंतला हार हाय, पावणं!"

टाळ्या झाल्या, फोटो झाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. पाहुणे साखळी काढून ठेवून गाडीत बसल्यावर मी साहेबांना गाठलं.

"मणी कुठं पळून गेलेत का, बाई? मोजंल की पोरगी परत," ते हसत म्हणाले. त्या हसण्याने मला जास्त लागलं. तासभर चटईवर बसून या माणसाने माझी फसवणूकच केली होती.

व्हरांड्यात मुलगी गुडघ्यांवर बसून चिठ्ठ्या गोळा करत होती. मी साखळी पुन्हा पसरली.

"त्यांनी आपल्याला फसवलं गं. चल, आपण दोघी मिळून मोजू."

तिने सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हातात दिल्या.

"नको, बाई. टाळ्या तुमीबी वाजिवल्या."