खरी तालीम कुणाची?

आमच्या गावच्या जत्रेच्या आदल्या संध्याकाळी तत्त्वज्ञानाचा एक प्राध्यापक तालमीच्या भांडणात सापडला... आणि चक्क शाबूत बाहेर आला! सत्तरच्या दशकातली गोष्ट. गाव आमचं कृष्णाकाठचं, सांगलीहून एसटीनं तासाभराच्या अंतरावर.

मी तेव्हा सांगलीत सायकलच्या पार्टचं दुकान नुकतंच थाटलं होतं. आधी दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढली, मग स्वतःची पाटी लावली. माझा मित्र वसंता मूळचा वाईचा, सांगलीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. रोज संध्याकाळी दुकानात चहाला यायचा आणि गिऱ्हाइकांचं बोलणं कान देऊन ऐकत बसायचा.

त्याचं एक वेड होतं. कितीही मोठा प्रश्न असू दे, हा आधी विचारणार, "हा शब्द आपण रोज कधी वापरतो ते सांग बघू." आम्ही हसायचो. याचा पगार नक्की कशाबद्दल मिळतो, हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं...

तर त्या वर्षी जत्रेला मी त्याला गावी घेऊन गेलो. गावात पोचलो तर मारुतीच्या पारावर ही गर्दी. आमची तालीम फुटली होती.

झालं होतं असं. पावसाळ्यात तालमीची भिंत खचली. निम्म्या पैलवानांनी स्टँडजवळ नवी इमारत उभारली. आधीच्या वस्तादांचा फोटो, गदा आणि आखाड्यातली अर्धी माती तिकडं नेली. उरलेल्यांनी जुन्या जागेवरच पत्रे टाकले आणि उरलेल्या मातीत मेहनत चालू ठेवली. आता दोघांचंही म्हणणं एकच... खरी तालीम आमची!

एरवी चाललं असतं. पण जत्रेतल्या शेवटच्या कुस्तीचा पैलवान तालमीतून हलगीच्या कडकडाटात मैदानात न्यायचा, आणि पुढं वस्तादांनी चालायचं, ही आमच्याकडची रीत. म्हातारे वस्ताद बापू पार वैतागले होते. "तुमचं ठरंस्तवर मी कुनाच्याच फुडं चालनार न्हाई," असं सांगून ते पाराच्या कडेला पाठ करून बसले होते. वस्तादांशिवाय जत्रा... कल्पनाच करवत नव्हती.

नव्या तालमीचा सर्जेराव म्हणत होता, "गदा आमच्याकडं हाय. मंग खरी तालीम कुनाची?" जुन्या तालमीचा तुकाराम म्हणत होता, "जागा बदलली का तालीम बदलली, गड्या. खरी तालीम हितंच हाय." तासभर हेच. मग कुणीतरी वसंताकडं बोट केलं. "आवं, हे पाव्हणं कालिजात ह्योच इषय शिकिवत्यात म्हनं. त्यास्नी इचारा की!"

मी त्याची बाही मागं ओढली. वसंता मात्र खुशीत पुढं सरकला.

"मला एक सांगा," तो म्हणाला. "तुमच्या आज्या 'खरं तूप' असं म्हणायच्या का?"

"न्हाई. नुसतं तूप म्हनायच्या," तुकाराम म्हणाला.

"मग आपण कधीपासून म्हणायला लागलो?"

"डब्यातलं वनस्पती आलं तवापासनं," मागून एक जण म्हणाला.

"बरोबर. आणि ह्यांच्या दुकानात," माझ्याकडं वळून, "ओरिजिनल चेन द्या असं गिऱ्हाईक म्हणतं, कारण बाजारात डुप्लिकेट असते. म्हणजे 'खरं' हा शब्द आपण उगीच लावत नाही. समोर काहीतरी नकली असतं, तेव्हाच लावतो. मघापासून तुम्ही दोघंही 'खरी तालीम, खरी तालीम' म्हणताय. मग ह्यातली नकली कुठली? नकली पैलवान कोण? दाखवा बोट."

तासभर तिथं सगळं बोलून झालं होतं, पण 'नकली' हा शब्द एकाच्याही तोंडून आला नव्हता.

सर्जेरावचा हात तुकारामच्या दिशेनं अर्धा वर गेला... आणि तिथंच थांबला. दोघं लहानपणापासून एकमेकांशीच खेळून तयार झालेले. तो तुकारामकडं बघत राहिला आणि एकदम ओरडला, "ह्येला नकली म्हनू? ह्या बाबानं माजा खांदा निखळवला हुता! सा म्हैनं भाकरी डाव्या हातानं खाल्ली मी!"

"आनि हाडवैद्याकडं पाठीवर घालून कुनी न्हेला रं तुला?" तुकाराम.

"तूच न्हेलास. वाटंत दोनदा पाडलास बी!"

असा काही हशा उठला की देवळाच्या कळसावरची कबुतरं उडाली. वस्ताद बापूंनीही तोंड आमच्याकडं फिरवलं होतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते ते.

"झालं न्हवं?" ते म्हणाले. "उद्या हलगी जुन्या तालमीतनं निगंल, नव्या तालमीवरनं यील. मी फुडं हाय. आनि पैलवान मी सांगीन त्यो."

दुसऱ्या दिवशी काय थाट होता म्हणून सांगू! दोन्हीकडचे पैलवान एकाच रंगाच्या फेट्यांत, पुढं बापू, आणि त्यांच्या शेजारी गुलालानं लाल झालेला आमचा प्राध्यापक. त्याचा चष्मासुद्धा गुलाबी झाला होता.

कुस्ती मात्र आम्ही हरलो... आमचा पैलवान हां हां म्हणता चीत झाला. मी गर्दीत कान टवकारून उभा होतो. आता कुणीतरी म्हणणार, 'त्यो त्यांच्याकडचा'. पण एकानंही म्हटलं नाही. जो तो हळहळत होता, "आपला गडी लय चांगला लढला, पर पाय सटाकला."

'आपला' हा शब्द आपण कधी वापरतो, ते त्या दिवशी मला वसंताला विचारावं लागलं नाही. तुझे आभार मानायचे मात्र राहूनच गेले होते, मित्रा... आज मानतो.