इस्माईलचाचांनी बसवलेला डायफ्राम

मैत्रिणींनो, हॉस्टेलच्या फळ्यावर आजचंच लिहिते आहे.

सकाळी साहेबांची गाडी चिंचवडला बंद पडली. कंपनीच्या गॅरेजमध्ये मी डिपस्टिक, म्हणजे इंजिनातलं ऑइल मोजायची पट्टी, हुंगली. ऑइलला पेट्रोलचा वास होता, म्हणजे फ्युएल पंपाचा डायफ्राम, आतला रबरी पडदा, फाटलेला. पंप उघडला, तर आत मूळ पडद्याऐवजी रबरी कापडाचा तुकडा कापून बसवलेला.

साहेबांच्या चिठ्ठीवर स्टोअरनं नवा पंप लगेच दिला. तो बसवला, गाडी सुरू झाली.

"आधीचं काम कुणाचं?" साहेबांनी विचारलं.

"इस्माईलचाचांचं," मी आमच्या जुन्या मिस्त्रींचं नाव सांगितलं.

साहेब शेजारी उभ्या चाचांकडे वळले. "चाचा, उद्यापासून येऊ नका."

जाताना चाचा म्हणाले, "बराबर वळखलंस, बेटी. हुंगायला मीच शिकवलं व्हतं."

नव्या पंपासाठी चाचांनी तीनदा मागणी केली होती. तिन्ही चिठ्ठ्या मीच लिहिल्या होत्या, स्टोअरनं तिन्ही परत पाठवल्या. पण ते मला कुणी विचारलं नाही.

न विचारलेलं तुम्ही सांगितलं असतं?