सरसेनापतीचा चष्मा आणि कर्नल मालोबा

शांतिसेनेची निळी हेल्मेट घालून आमची पलटण त्या देशात उतरली, तेव्हा तो देश माझ्या पायांतल्या बुटांहून फारसा जुना नव्हता. राष्ट्रध्वज होता, राष्ट्रगीताची चाल अजून ठरायची होती. देशाचे नाव येथे देत नाही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे, त्यांचे कुटुंब अजून तेथेच राहते.

मी सैन्याच्या शिक्षण शाखेतला सुभेदार. बंदुकीपेक्षा खडू अधिक काळ हाती धरला. तेथील नव्या सैन्याच्या अधिकाऱ्यांना शिकवणे हे माझे काम होते. विषय एकच : सैन्याने मुलकी सत्तेचे का ऐकायचे. विद्यार्थी जंगलात लढून आलेले. त्यांतल्या बहुतेकांनी सरकार नावाची वस्तू प्रथमच पाहिली होती, आणि ती त्यांना विशेष आवडली नव्हती.

दिवस ठरलेला असे. पहाटे पी.टी., मग न्याहारी, मग पत्र्याच्या जुन्या गोदामात वर्ग. गोदामाच्या दाराबाहेर एक लाकडी टेबल होते. आत येण्यापूर्वी प्रत्येकाने आपले शस्त्र त्यावर ठेवायचे, हा माझा नियम. मीही ठेवत असे. वर्गात शस्त्र आले, की प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज बदलतो.

पहिल्या दिवशी कोणी पुढे येईना. एक लेफ्टनंट आपली रायफल कुरवाळत म्हणाला, की बायकोपासून दूर राहीन, हिच्यापासून नाही. सगळे हसले. तेवढ्यात रांगेतून एक उंच कॅप्टन पुढे आला आणि त्याने आपले पिस्तूल शांतपणे टेबलावर ठेवले. तो जोसेफ मालोबा. मग इतरांनी ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेचा धडा होता. स्वातंत्र्ययुद्ध जवळजवळ जिंकलेले. सैन्याचा पगार मात्र थकलेला. चिडलेले अधिकारी काँग्रेसला, म्हणजे त्यांच्या लोकप्रतिनिधींच्या सभेला, धाक दाखवण्याच्या विचारात होते. त्यांच्या बैठकीत सरसेनापती स्वतः आले. भाषणाने काम होईना. मग एक पत्र वाचून दाखवण्यासाठी त्यांनी खिशातून चष्मा काढला. आपल्या सेनापतीला चष्मा लागतो हे त्या अधिकाऱ्यांना ठाऊक नव्हते. देशाच्या सेवेत केस पांढरे झाले आणि आता डोळेही चालले, अशा अर्थाचे काही ते सहज बोलून गेले. लढाया पाहिलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले आणि बंडाचा बेत तेथेच विरला. पुढे तह झाल्यावर त्यांनी आपली सनद काँग्रेसला परत केली आणि ते शेतावर गेले. राष्ट्राध्यक्षपद त्यानंतरचे, तेही त्यांनी दोन कारकिर्दींनंतर आपणहून सोडले.

"उस्ताद," मालोबा म्हणाला. शिकवणाऱ्याला आमच्या सैन्यात उस्ताद म्हणतात. त्याने तो शब्द आमच्या जवानांकडून उचलला होता. "आमच्या जनरलची नजर फार चांगली आहे. आमचं कसं व्हायचं?"

वर्ग हसला. हसताना दोघातिघांनी दाराकडे पाहून घेतले.

मोहीम संपली. मी निवृत्त झालो. पत्नी गेल्यावर मुलीने मला सिंगापूरला आणले. ती तिथल्या वन-नॉर्थ भागात नोकरी करते. जावई अनिकेत जुरोंग आयलंडवरच्या एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर आहे. मालोबाचे निरोप येत राहिले. तो मेजर झाला, लग्न झाले, कर्नल झाला. मग राजधानीतल्या एका पलटणीची कमांड त्याला मिळाली.

गेल्या वर्षी एका शनिवारी दुपारी मी आणि अनिकेत आमच्या इमारतीखालच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉलांच्या मंडईत, जेवायला गेलो होतो. तो रांगेत उभा होता. फोन वाजला. तिकडे सकाळ होती.

"उस्ताद, आवाज येतोय?"

"स्पष्ट. बोला."

आम्ही शिकवलेल्या क्रमानेच त्याने माहिती दिली. आधी परिस्थिती : पगार थकलेला, जनरलने पलटणीला संसदेवर चालून जाण्याचा हुकूम दिलेला, संसदेत सभासद बसलेले. मग आपले सैन्य : जवान जुन्या गोदामात जमलेले, बाहेर गाड्या तयार. शेवटी इरादा : तो एकटा आत जाऊन त्यांच्याशी बोलणार.

"बरोबर कोण?"

"ड्रायव्हर. तो बाहेर थांबेल."

"शस्त्र?"

"टेबलावर ठेवणार. टेबल अजून तिथंच आहे."

मी सांगितले, की तो नियम वर्गाचा होता. तेथे समोरचेही ठेवत असत.

"कुणीतरी पहिलं ठेवावं लागतं. तेव्हाही मीच ठेवलं होतं." क्षणभर इंजिनचा आवाज आला. "एक विचारायचं होतं. ते ऐकतील हे त्या सरसेनापतीला माहीत होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो. खरे उत्तर तेच होते. "पण आठ वर्षं तो त्यांचा सेनापती होता. तुम्हाला या पलटणीत वर्षही झालेलं नाही."

"मान्य."

"जाऊ नका, जोसेफ."

मी त्याला नावाने कधी हाक मारली नव्हती.

"ही ऑर्डर आहे, उस्ताद?"

"नाही. मला तो अधिकार नाही."

"मी नाही गेलो तर दुसरं कोण जाणार आहे? आउट."

वायरलेसवर 'ओव्हर' म्हणजे उत्तराची वाट पाहतो आहे. 'आउट' म्हणजे बोलणे संपले. मी पुन्हा फोन लावला. तो बंद होता.

अनिकेत ट्रे घेऊन आला. मी त्याला सर्व सांगितले. त्याच्या प्लांटमध्ये प्रत्येक धोक्यासाठी एक नंबर भिंतीवर लिहिलेला असतो. "बाबा, कुणाला तरी कळवता येईलच ना?" असे तो पुनःपुन्हा विचारत राहिला.

मी पुण्यात आमच्या तेव्हाच्या कमांडिंग ऑफिसरना फोन केला. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, "सुभेदारसाहेब, तिथं आता आपला एक रेडिओसेटही नाही. मी कुणाला सांगू?" अनिकेतने त्या देशातल्या भारतीय दूतावासाचा नंबर शोधून लावला. पलीकडच्या माणसाने सभ्यपणे विचारले, की कोणी भारतीय नागरिक संकटात आहे का. नव्हता.

टेबले पुसणारी आंटी दोनदा येऊन गेली. "अंकल, फिनिश ऑलरेडी?" मी नाही म्हणालो. ट्रेमधला भात तसाच होता. शेजारच्या टेबलावर एक कुटुंब मुलाच्या वाढदिवसाचा केक कापत होते. आम्ही फोन मध्ये ठेवून बसलो.

संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला. मालोबाने पिस्तूल टेबलावर ठेवले आणि तो आत गेला. बराच वेळ बोलला. मग दारातून काही जवान बाहेर आले, आपापल्या रायफली टेबलावर ठेवून पुन्हा त्याच्या बाजूला जाऊन उभे राहिले. ड्रायव्हरला वाटले, जमले. त्यानंतर मागच्या रांगेतून फायर आला. ज्यांना त्याचे पटले होते, त्यांच्यापैकी एकाच्याही हातात शस्त्र नव्हते. मालोबा आणि त्यांतले दोघे जागीच पडले. गाड्या संसदेकडे गेल्या.

येथील मराठी कुटुंबांच्या कार्यक्रमात मी हे सांगितले, तेव्हा तांजोंग पगारला बँकेत काम करणाऱ्या एका तरुणाने विचारले, की काका, मग तुमचा धडा चुकीचा होता का? धडा खरा आहे. मात्र तो एका माणसाच्या धैर्याचा धडा म्हणून शिकवला जातो. त्या बैठकीतल्या अधिकाऱ्यांनी ऐकले, हा त्याचा दुसरा अर्धा भाग. राष्ट्र त्या दोन्हींनी मिळून उभे राहिले. पहिला अर्धा भाग एखादा माणूस स्वतःच्या जिवावर पुरवू शकतो. दुसरा त्याच्या हाती नसतो. माझ्या तर नव्हताच.

आमच्याकडे वीरगती मिळालेल्याचा उल्लेख लष्करी नंबर, रँक आणि नाव असा करतात. मी मालोबाच्या पत्नीकडे त्याचा नंबर मागितला. ती म्हणाली, तो मुख्यालयातल्या फाइलमध्ये असेल, आणि मुख्यालयात आता तेच लोक बसले आहेत. त्या दोन जवानांची नावे तिलाही समजू शकली नाहीत.

म्हणून जेवढे माहीत आहे तेवढेच लिहितो. कर्नल जोसेफ मालोबा. आणि त्याचे ऐकणारे दोन जवान.