कोपरा फाटलेलं जपानी कार्ड

आम्ही अकोल्याला मिलच्या चाळीत राहत होतो. आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, मिलमध्ये फिटर होते. एका वर्षी मिलमध्ये नवी यंत्रं आली आणि ती बसवायला जपानहून एक इंजिनीअर आला. बरोबर त्याची बायको होती. आवारातल्या बंगल्यात त्यांची सोय केली. तिथे भांडी, धुणं आणि झाडझूड करायला बाई पाहिजे होती. मिलच्या साहेबांनी आमच्या घरच्यांना विचारलं, "तुमच्याकडे कोणी आहे का, फार बडबड न करणारी?"

हे म्हणाले, "साहेब, माह्या घरी आहे ते तर बोलतच नाही."

ते खोटं नव्हतं. माझं माहेर अमरावतीकडचं. तिथे शाळेत चौथीपर्यंत गेले, पण गुरुजींनी उत्तर विचारलं की येत असूनही तोंडातून फुटत नसे. सासरीही तसंच. चाळीच्या नळावर बाया गप्पा मारायच्या आणि मी घागर भरून निघून यायची. बंगल्यावर मात्र माझं बरं जमलं, कारण तिथे बोलायची सोयच नव्हती. जपानीण बाईला मराठी येत नव्हतं, हिंदीचे चार शब्द येत होते. दोघी हातवाऱ्यांवर चालवायचो. जन्मात पहिल्यांदा मी कोणाच्या बरोबरीची होते.

ती एकदा आमच्या घरीही आली होती. धम्म घेऊन चार-पाच वर्षं झाली होती, भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. बाई आत आली, तसबीर पाहिली, आणि हात जोडून एवढी वाकली की सासूबाई घाबरून उठून उभ्या राहिल्या. "अवं, पाय जमिनीला, डोकंही जमिनीला! बसव तिले," म्हणाल्या.

तिची अक्षरं मी शिकायला लागले ते असं. दुपारी बाई आपल्या आईला पत्र लिहीत बसायची. मी फरशी पुसत पुसत तिच्यामागे थांबायची. ती वरून खाली लिहायची, दोडक्याचा वेल मांडवावरून खाली लोंबतो तशी एकेक ओळ, आणि सुरुवात उजवीकडून. एक दिवस तिने मागे वळून पाहिलं, हसली, आणि पेन्सिल माझ्या हातात दिली.

पहिली पाच अक्षरं होती अ, इ, उ, ए, ओ. मी ती पाहून काढली आणि सवयीनं वरून सरळ रेघ ओढली. बाई पोट धरून हसली. मग तिने उठून खिडकीतली कपडे वाळत घालायची दोरी दाखवली. मी अक्षरं वाळत घातली होती.

पुढे क, कि, कु, के, को. मला वाटलं, ही तर आपलीच बाराखडी. एक क आला की पुढे वेलांटी, उकार, मात्रा दिली की झालं. पण तसं काही नव्हतं. 'का'चं तोंड वेगळं, 'कि'चं वेगळं, 'कु' तर नुसती कोंबडीची उघडी चोच. एका घरातली पाच लेकरं आणि एकाचाही चेहरा दुसऱ्यावर गेलेला नाही. 'शि' म्हणजे मासे धरायचा गळ, 'हे' म्हणजे बसकी टेकडी, 'नो' म्हणजे गोगलगाय. सगळ्यांत मला त्रास दिला तो 'नु' आणि 'मे' या दोघींनी. जुळ्या बहिणीच त्या. एकीच्या पदराला शेवटी गाठ असते, दुसरीच्या नसते. पंधरा दिवस मी त्यांची अदलाबदल करत होते.

घरी मुलीची जुनी पाटी घेऊन गिरवायची. पाटी मिळाली नाही तर परातीतल्या ज्वारीच्या पिठावर बोटाने. एकदा सासूबाईंनी पकडलं.

"काहून वं, पिठात रेघोट्या ओढून राहिली? कोणावर करणी करतं का?"

"नाही आत्याबाई, हा जपानी 'नु' आहे."

"नु! शेजारणीशी बोलाले जीभ उचलत नाही, अन् जपानशी बोलते! थाप भाकर. तुहा नु तव्यावर गेला तरी चालते."

दिवाळीपर्यंत माझी सगळी शेहेचाळीस अक्षरं झाली. त्यांवर दोन बारीक काड्या दिल्या की 'का'चा 'गा' होतो, तेही आलं. शब्द मात्र पन्नासएकच ठाऊक होते. पाणी, मीठ, गरम, हात, ऊन, बस, असे. मोठ्या मोठ्या गहन गोष्टी लिहायची त्यांची आणखी वेगळीच अक्षरं असतात, बाभळीच्या झुडपासारखी. तिकडे मी गेले नाही.

त्या हिवाळ्यात बाईला दिवस गेल्याचं कळलं. तिने पोटावर हात ठेवून मला सांगितलं, आणि मग एक बोट वर करून तो हात हवेत सोडून दिला. मला समजलं. आधीचं एक हाताला लागलं नव्हतं. पहिल्यापासून ती जपून चालायची, आणि जड बादली मी तिला उचलू देत नव्हते. तिच्या आईचं पत्र आलं की बाळंतपणाला घरी ये. लेकीला माहेरी बोलावतात, हे तिकडेही आहे. नवऱ्याचंही काम संपत आलं होतं, म्हणून दोघं बरोबरच निघाले.

जायच्या आधी तिने एका जाड कागदावर सगळी अक्षरं ओळीने काढून मला दिली. मग कार्ड लिहिल्याची खूण केली, पोटाची खूण केली, हातात लेकरू झुलवलं. एक झुडपाचं अक्षर काढून त्यावर फुली मारली. म्हणजे बाळ झालं की ती लिहिणार, आणि मला येतात त्याच अक्षरांत लिहिणार. मी मान हलवली. गाडी अकोल्याच्या स्टेशनातून हलली तेव्हा ती खिडकीतून "सायोनारा, सायोनारा" म्हणत राहिली. जपानी माणसं जाताना म्हणतात तसं.

त्यानंतर मला एकच घोर होता. बाई नीट सुटली का, लेकरू नीट आहे का, हे कळायचं तर कार्डावरून, आणि ते वाचू शकेल असं अकोल्यात माझ्याशिवाय कोणी नव्हतं. मी विसरले तर बातमी येऊनही आली नाही असं व्हायचं. म्हणून रोज दुपारी एकदा सगळी अक्षरं काढायची, मग बाकीची कामं.

बोटांवर मोजलेले महिने भरले, वर आणखी एक गेला. पावसाळा निम्मा सरला होता. एक दिवस हे पाळी संपवून आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. हातात कार्ड होतं, चेहरा उतरलेला.

"आत या ना."

"नाही येत. कोपरा फाटला आहे."

आमच्याकडे मयताचं पत्र लिहिलं की कार्डाचा एक कोपरा फाडतात. असं कार्ड हाती आलं की मजकूर काय ते आधीच कळतं. ते घरात आणत नाहीत, बाहेरच वाचायचं, तिथेच फाडून टाकायचं आणि अंघोळ करून आत यायचं. कार्डाचा तिकिटाकडचा कोपरा नखभर नव्हे, चांगला दोन बोटं गेला होता.

मी उंबऱ्यापर्यंत गेले. तरी म्हटलं, "आपण ते सारं सोडलं ना? तुम्हीच तर वस्तीत सांगून राहिले होते."

"सोडलं. पण तू बाहेर येऊन वाच."

सासूबाईंनी चुलीवर अंघोळीचं पाणी चढवलं. तोवर चाळीतल्या बाया दाराशी जमल्या. ज्यांच्याशी मी नळावर कधी बोलले नाही, त्या सगळ्यांसमोर लिंबाखाली बसून मला मोठ्याने वाचायचं होतं. अक्षरं तीच होती, एकही झुडूप नव्हतं. बाईनं शब्द पाळला होता. मी डावीकडच्या ओळीवर बोट ठेवलं.

"सा... यो... उ... ना... रा."

कार्ड मांडीवर पडलं. मला रडू आवरेना. निरोपाचा शब्द पहिलाच, मग पुढे काय वाचायचं? एक शेजारीण म्हणाली, "गेली वाट्टे बिचारी." दुसरी म्हणाली, "चांगली होती वं, गोरीपान."

सासूबाई हातात फुंकणी घेऊन बाहेर आल्या. "काहून रडून राहिल्या साऱ्या? पुरं तं वाच! माय गेली का लेकरू गेलं, हे समजल्याबिगर रडाव कोणासाठी?"

मी डोळे पुसून पुन्हा कार्ड धरलं, आणि कार्डावरची ओळ डोळ्यांसमोर उभी राहिली, वरून खाली. उभी! म्हणजे उजवीकडून. मी आपल्या रीतीने डावीकडून सुरू केलं होतं. बाईनं पत्राच्या शेवटी लिहिलेला निरोप मी आधी वाचून बसले होते.

उजवीकडच्या ओळीचा वरचा भाग फाटक्या कोपऱ्याबरोबर गेला होता. उरलेल्यावर बोट फिरवलं. "आ... का..." पुढे 'चि' आणि त्याच्या पायाशी बारका 'या'. आकाचान! पोटावर थोपटत ती हेच म्हणायची. आकाचान म्हणजे बाळ. दुसऱ्या ओळीत "ओ, न्, ना, नो, को." मुलगी. तिसऱ्या ओळीत 'के'वर दोन काड्या. "गे, न्, कि." रोज सकाळी मी पोचले की ती मला हे विचारायची, बरी आहेस ना. तो शब्द एकदा नव्हे, दोनदा लिहिला होता. एक आईसाठी, एक लेकीसाठी.

"मुलगी झाली!" मी म्हणाले. चाळीत माझा एवढा मोठा आवाज त्याआधी कोणी ऐकला नव्हता. "दोघी बऱ्या आहेत!"

"मंग कोपरा कोणत्या मेल्यानं फाडला?" सासूबाई म्हणाल्या.

ते दुसऱ्या दिवशी कळलं. मिलच्या ऑफिसातल्या बडेबाबूंना तिकिटं जमवायचा नाद होता. कार्ड ऑफिसच्या पत्त्यावर आलं, जपानचं तिकीट दिसलं, आणि भिजवून काढायचा धीर न धरता त्यांनी कोपऱ्यासकट फाडून घेतलं. हे चिडले, तर ते म्हणाले, "अरे बाप्पा, जपानी कार्डाले कुठं सुतक असते? मले वाटलं ते आपल्यातच!" मग ओशाळून त्यांनी आमच्या उत्तराच्या कार्डावर इंग्रजीत पत्ता आपल्या हाताने घालून दिला.

उत्तर लिहायला मी बसले तर सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "लिही. चाळीस दिवस थंड्या पाण्यात हात घालू नको म्हणा. कमरेले पट्टा बांध. बाळंतशेपा खाय, दूध उतरते. डिंकाचे लाडू कर. डिंक भेटते का तिकडं, विचार."

"आत्याबाई, मला एवढे शब्द नाही येत."

"अक्षरं येते ना?"

अक्षरं येत होती. मग मी त्यांचं वऱ्हाडीच जपानी अक्षरांत लिहीत गेले. कुठे आपलं अक्षर त्यांच्याकडे नव्हतं, तिथे जवळचं घातलं. बाई वाचून तोंडाने म्हणेल, तिला काही समजेल, काही नाही. पण तो आवाज तिला ओळखू येईल, याची मला खात्री होती. ओळीमागून ओळ वरून खाली उतरत गेली. बाळंतशेपा लिहायला अर्धी ओळ लागली.

सासूबाई कार्डावर वाकून पाहत होत्या. "झालं का?"

"झालं. आता खाली माझं नाव लिहिते."

"तुहं कायले? तुले तं ते ओळखतेच. माहं नाव घाल."

कार्डावर जागाही एवढुशीच उरली होती. मी त्यांचं नाव घातलं.