प्लेटवरचा ठिपका

वेधशाळेत काचेच्या प्लेटा धुणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत, अगदी साहेबसुद्धा. दुर्बिणीला लावलेल्या काचेवर आकाशाचा फोटो उतरायचा आणि ती काच आधी औषधातून, मग सात पाण्यांतून मावशींच्या हातून निघायची. घरीही त्यांचा तोच खाक्या. सुनेने घासलेला पेला त्या उजेडाकडे धरून बघत आणि काही न बोलता पुन्हा धुवत. त्यापेक्षा चार शब्द सुनावा, असं सांगून सांगून सुनेने हात टेकले होते.

एकोणीस वर्षांत मावशींच्या सेवापुस्तकात एकही वाईट शेरा नव्हता. मग एका दूरच्या ग्रहाच्या तीन प्लेटांवर, ग्रहाच्या शेजारी, बारीक ठिपका निघाला. साहेबांनी तो भिंगातून पाहिला आणि शेरा मारला: ‘धुण्यात हलगर्जीपणा.’ मावशींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र पोटभर जेवून आल्या, कारण भांडायचं होतं.

“साहेब, त्या तिन्ही प्लेटा काढा.”

साहेबांनी काढल्या, ओळीने मांडल्या, खालून दिवा लावला.

“घाण माझी असती तर कुठेही राहिली असती. ही तिन्ही वेळा त्याच्याच दाराशी कशी? पहिलीत उजवीकडे, दुसरीत अगदी खेटून, तिसरीत डावीकडे. घाण कधी फेऱ्या मारते का हो?”

साहेब बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी नव्या प्लेटा काढल्या आणि मावशींनी त्या जरा जास्तच धुतल्या. ठिपका हलत राहिला, पण गेला नाही. तो चंद्र होता. त्या ग्रहाला चंद्र आहे हे तोवर कुणाच्या गावीही नव्हतं.

साहेबांना हारतुरे झाले. ते म्हणाले, “मावशी, लेखात तुमचे आभार मानतो.”

“आभार राहू द्या. शेरा खोडा.”

सेवापुस्तकात खाडाखोड चालत नाही, असं हेडक्लार्क म्हणाला. फार तर खाली खुलासा लिहिता येईल. साहेबांनी लिहिला: ‘वरील ठिपका हा चंद्र असल्याचे आढळून आले. सबब धुण्यात दोष नाही.’

मावशींनी तो दोनदा वाचायला लावला, शिक्का मारून घेतला आणि मग तिथेच, टेबलाशी उभ्या राहून, ढसाढसा रडल्या. हेडक्लार्कने सेवापुस्तक घाईघाईने बाजूला सरकवलं. शाई अजून ओली होती.