अठ्ठावीसवर थांबलेला काटा

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, आदला दिवस, साल १९८९. सकाळचं काम एकच: मोटरसायकलच्या चाकांतली हवा बघायची आणि जळगावहून निघायचं. वडील गेल्यानंतरची ही पहिली आखाजी. दुसऱ्या दिवशी त्यांच्या नावाची घागर भरायची होती, आणि घागरीवरचं खरबूज मोठ्या लेकीनंच ठेवायचं, असा आईचा निरोप होता. संध्याकाळपर्यंत मला शिंदखेड्याजवळच्या माहेरी पोचायचं होतं. एसटीनं जाऊ, असं मी सुचवून पाहिलं. पण घरात हवा मोजायचं यंत्र असताना एसटीनं जाणं माझ्या नवऱ्याला कमीपणाचं वाटत होतं.

यंत्र म्हणजे पितळेची गोल डबी, वर काच, आत काटा. यांच्या मावसभावाचे रावेरला केळीचे ट्रक होते, त्यांनी ते भेट दिलेलं. जळगावातल्या मेहरूणच्या आमच्या गल्लीत असं यंत्र दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. बाकीचे लोक अंगठ्यानं टायर दाबून बघत. हे सरकारी कचेरीत कारकून; अंगठा निरक्षर माणसानं वापरायचा, असं यांचं मत. यंत्र मखमली पिशवीत असे, पिशवी देवाच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली यांच्या जानव्याला.

आदल्या दसऱ्याला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. आमची हत्यारं म्हणजे विळी, पाने, पंप आणि हे यंत्र. हवा मोजल्यावर बाजूचं बारीक बटण दाबलं की काटा शून्यावर यायचा. पण शून्यावरच्या यंत्राची पूजा केली तर वर्षभर शून्यच पदरी पडेल, अशी यांना शंका आली. म्हणून चाकात पुरेशी हवा भरून मोजली, काटा अठ्ठावीसवर ठेवला आणि यंत्र तसंच पाटावर मांडलं. मग हळद, कुंकू, तुपाचं बोट, वरून पळीभर पाणी. त्यानंतर ज्या ज्या वेळी मोजली त्या त्या वेळी हवा अठ्ठावीसच भरली. पूजा फळाला आली, असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. हिवाळाभर चाक सारखं पंक्चर होत होतं, त्याचा दोष रस्त्यांकडे गेला.

त्या सकाळीही चाकाला यंत्र लागलं आणि आकडा जाहीर झाला. अठ्ठावीस. मी मागचं चाक दाबून पाहिलं. भरताला भाजलेल्या वांग्यासारखं लागलं. तसं म्हटलंही.

"काटा काय खोटं बोलतो का?" हे म्हणाले. खरबूज आणि आंब्यांची पिशवी मांडीवर घेऊन मी मागे बसले.

पारोळ्याच्या अलीकडे मागचं चाक बसलं. रस्त्याकडेला निंबाखाली पंक्चरचं दुकान होतं आणि दुकानात सल्लागारांना तोटा नव्हता. आमच्या खानदेशात टायरला लाथ मारल्याशिवाय मत देता येत नाही. चौघांनी मारली, चौघांची मतं वेगळी निघाली. दुकानदारानं ट्यूब घमेल्यात बुडवली, बुडबुडे दाखवले, ठिगळ लावलं आणि पंप मारायला घेतला. पाचसात झटके झाले असतील, तेवढ्यात यांनी पिशवीतून यंत्र काढून चाकाला लावलं आणि हात वर केला. बस, अठ्ठावीस झाले.

मी दुकानदाराला म्हटलं, अजून मारा. त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पितळ त्याला जास्त वजनदार वाटलं असावं.

"अक्का, मशीन खोटं बोलत नही," तो म्हणाला. सल्लागारांनी माना डोलावल्या. चौघांचं एकमत झालं ते तेवढ्या एकाच गोष्टीवर.

धुळं दिसायला लागलं आणि चाक पुन्हा बसलं. गाडी ढकलत आम्ही गावात शिरलो. उन्हं कलायला लागली होती. शिंदखेड्याची गाडी अजून मिळण्यासारखी होती. मी ते यंत्र मागितलं. यांनी का म्हणून विचारलं, पण घाम पुसायला दोन्ही हात लागत होते, म्हणून दिलं. यंत्र कुठल्याच चाकाला लावलेलं नव्हतं. काटा अठ्ठावीसवर होता. मी बटण दाबलं. काटा अठ्ठावीसवर होता.

"हे आत्ता काय मोजतंय?" मी विचारलं.

यांनी यंत्र हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं. मला वाटलं, उजेड पडला. पण हे म्हणाले, "म्हणजे बिघडलंय. दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाणं धोक्याचं."

पंक्चर राहिलं बाजूला, आम्ही घड्याळवाल्याकडे गेलो. त्यानं डोळ्याला भिंग लावून डबी उघडली. आत तुपात कालवलेलं कुंकू वाळून काट्याच्या बुडाशी घट्ट बसलेलं. त्यानं भिंग काढलं, हात जोडले. रॉकेलनं धुतलं की काटा सुटेल, पण पूजेचं कुंकू दिवसभराच्या घामट अंगानं रॉकेलनं धुणार नाही, सकाळी आंघोळ करून धुईन, असं तो म्हणाला. यांना ते अगदी पटलं. मला म्हणाले, चुलतभावाकडे मुक्काम करू, सकाळी मोजून निघू.

मी पिशवी उचलली. म्हटलं, "तुम्ही मोजून या. मी पोचते." आणि स्टँडवर जाऊन शिंदखेड्याची गाडी धरली. गाडीत उभं राहायला जागा नव्हती, पण चाकांत हवा होती.

दिवेलागणीला घरी पोचले. आईनं माझ्या मागे पाहिलं.

"जवाई कोठे शेतस?"

"घड्याळवालाकडे."

आईनं मान हलवून माझ्या हातातली पिशवी घेतली. यांना ती माझ्यापेक्षा कमी वेळा भेटली होती, पण जास्त चांगलं ओळखत होती.

आखाजीच्या सकाळी घागर भरून पाटावर ठेवली, तोच मोटरसायकल अंगणात आली. धुळ्यात ठिगळ लागलं होतं, पण मागच्या चाकाची हवा वाटेत पुन्हा निघत आली होती. यांनी आल्या आल्या माझ्या भावाला बोलावून मागच्या चाकाची हवा मोजून दाखवली. काटा नऊवर गेला. यंत्र सुधारलं म्हणून हे इतके खूश झाले की चाक रिकामं आहे, हे भावाला सांगावं लागलं. मग दोघांनी पंप मारला, काटा अठ्ठावीसवर आला, आणि हे यंत्र घेऊन सरळ आत आले. घागरीशेजारी ठेवलं. वहिनी कुंकवाचा करंडा घेऊन उभीच होती. तिनं बोट बुडवलं.

मी यंत्र उचललं, बटण दाबून काटा शून्यावर आणला आणि ते यांच्या हातात दिलं. मग खरबूज उचलून घागरीवर ठेवलं.