सिग्नेच्या हातच्या किडन्या

सिग्ने सेलोफेनचा कागद दिव्यासमोर धरून भोक शोधत होती. सुईच्या टोकाएवढं भोक राहिलं तरी आजाऱ्याचं रक्त वाहून जातं. कागद चांगला निघाला. तिनं तो भिजवून प्लॅस्टिकच्या पाटीवर पसरला, तळहातानं सुरकुती काढली, वर दुसरी पाटी ठेवली. अशा पाट्या रचल्या की रक्त धुवायची किडनी तयार.

आमच्या कारखान्यात आधी दुधातून साय काढायची यंत्रं बनायची. मग हॉस्पिटलवाले आले, म्हणाले, दुधाचं जमतं तर रक्ताचं बघा. सिग्ने तेव्हापासून त्याच टेबलावर. मी सातवीत शाळा सोडलेली, मला कामाला लावलं तिनं, शिकवलं तिनं. तिला कोण काही बोललं की मी अंगावर जायचे.

तिचा नवरा एवर्ट साखर कारखान्यात होता. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. हॉस्पिटलात यंत्रं तीनच, आणि रांग ही मोठी. एवर्ट पन्नाशीच्या पुढचा, म्हणून पार मागे.

कॉफीच्या सुट्टीत मी म्हणलं, "कारखान्याच्या साहेबांना सांग की. यंत्र तूच बनवतेस."

"रांग आहे," सिग्ने म्हणाली.

"खड्ड्यात गेली रांग."

"तोंड धू आधी. आणि बन खा."

फोरमन बेर्टिल हसला. "ही पोरगी एक दिवस राजाला शिव्या घालणार."

"घालीन की. तो कुठं रांगेत उभा राहतो?"

सिग्ने हसली नाही.

मी तिला न सांगता साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "ठरवतात डॉक्टर, मी नाही."

"मग डॉक्टरला फोन करा. हात मोडलाय का?"

त्यांनी मला कामावर परत धाडलं.

एवर्ट सुजत गेला. त्याच्या तोंडाला मुताचा वास यायचा. शेवटी तो सिग्नेलाच ओळखेना, तिला नर्स समजून पाणी मागायचा. पाणी द्यायची बंदी होती. नोव्हेंबरात मेला.

पुरून आल्यावर सोमवारी सिग्ने टेबलावर हजर. माझ्या पाटीकडे बघून म्हणाली, "सुरकुती राहिली. परत कर." साहेब समोरून गेले की मी थुंकायचे. "सोड त्यांना," ती म्हणायची. मी नाही सोडलं. ते म्हातारे होऊन घरी बसले तरी नाही.

सिग्ने गेल्या उन्हाळ्यात गेली. चर्चमधून बाहेर आल्यावर बेर्टिलनं सांगितलं. साहेबांनी तेव्हा डॉक्टरला फोन केला होता. एवर्टला यंत्रावर जागा मिळालेली. एवर्टनंच विचारलं, खरा नंबर कुणाचा? शेतात बीट काढणाऱ्या एका बाईचा होता, दोन लेकरांची आई. नवराबायको दोघं त्यावर बोलले, आणि "नको" कळवायला हॉस्पिटलात गेली ती सिग्नेच.